फोनवर 'बीटा' अपडेट आलंय? घाई नको, आधी हे वाचा

पाबळ (ता. शिरूर) : नवीन अँड्रॉइड सगळ्यांच्या आधी आपल्या फोनवर यावं, असं गावातल्या पोरांना वाटतं. एखादा व्हिडिओ बघून 'बीटा' टाकला जातो. पण ज्या फोनवर बाजारभाव, फोनपे, बँक आणि ई-पीक पाहणी चालते, त्यावर तो टाकावा का?

बीटा म्हणजे अजून तपासणी सुरू असलेली आवृत्ती. चुका सापडाव्यात म्हणूनच कंपनी ती आधी वापरायला देते. अँड्रॉइड 16 चंच बघा. डेव्हलपरसाठीची पहिली आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली, पहिला बीटा जानेवारी 2025 मध्ये आणि पक्की आवृत्ती 10 जून 2025 ला. म्हणजे पक्कं होईपर्यंत सहा-सात महिने गेले. तीही आधी गुगलच्या पिक्सेल फोनला मिळाली. बाकी कंपन्या आपापल्या वेळेने देतात.

बीटात बॅटरी लवकर उतरणं, फोन तापणं, एखादं ॲप न उघडणं असे त्रास होऊ शकतात. पीक पाहणीची मुदत संपत आली आणि नेमका कॅमेरा किंवा जीपीएस अडला, तर नोंद राहते आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं.

सगळ्यात मोठी अडचण माघारी येण्याची. पिक्सेलवर बीटा सुरू असताना मधेच जुन्या आवृत्तीवर परत यायचं, तर फोनमधलं सगळं पुसलं जातं. डेटा वाचवायचा तर पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागतं.

नवीन बियाणं कोणी सगळ्या रानात टाकत नाही, आधी दोन वाफ्यांत बघतो. पाबळच्या विज्ञान आश्रमात 1983 पासून हाताने करून शिकण्याचं काम चालतं. तिथेही प्रयोग आधी छोटा करून बघतात. फोनचंही तसंच आहे.

मग काय करावं?

- घरात एकच फोन असेल तर बीटा टाकू नका.
- जुना, रिकामा फोन असेल आणि त्याला बीटा मिळत असेल, तर त्यावर खुशाल शिका.
- टाकायचाच असेल तर आधी फोटो, नंबर आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या.
- सुरक्षेचं नेहमीचं अपडेट मात्र टाळू नका. ते वेगळं असतं आणि गरजेचं असतं.
- अपडेट फक्त फोनच्या सेटिंगमधून किंवा कंपनीच्या अधिकृत जागेवरून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाइल उघडू नका. तिच्यातून बँक खातं रिकामं होऊ शकतं.

पक्की आवृत्ती आली तरी दोन-तीन आठवडे थांबून, तोच फोन वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारा. तोवर जुन्या आवृत्तीवर काम अडत नाही.