सोडली म्हणून सुटते का जमीन?

राजर्षी शाहू महाराजांनी ज्या गावाला आपल्या लेकीचं, राधाबाईंचं, नाव दिलं ते राधानगरी. समजा, तिथं दाजीपूरच्या वाटेला तुमच्या नावावर माहेरची वीस गुंठे जमीन आहे. पाऊस मुसळधार, पिकात गवे उतरतात, कसायला माणूस नाही. यजमान वैतागून म्हणतात, "दे सोडून ती जमीन!"

पण भगिनींनो, जुनी साडी बोहारणीला द्यावी तशी जमीन टाकता येत नाही. नुसती पडीक ठेवली तरी सात-बारावर नाव तुमचंच आणि शेतसाराही तुमच्याच नावावर थकतो. त्यातून दुसऱ्या कुणी ती उघडपणे, मालक म्हणून सलग १२ वर्षं वहिवाटली, तर १९६३च्या मुदतीच्या कायद्यानं तुमचा हक्कच बुडू शकतो. म्हणजे जमीन जाते, पण आपण ठरवून नव्हे!

मग रीतसर वाट आहे का? आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ५५. जुन्या महसुली भाषेत ह्याला 'राजीनामा' म्हणत. शेतीचं वर्ष सुरू होण्याच्या निदान ३० दिवस आधी तहसीलदारांना लेखी कळवायचं, की जमीन सरकारला सोडली. मात्र सोडायचा तो अख्खा सर्व्हे नंबर किंवा अख्खा पोटहिस्सा; त्यातला तुकडा चालत नाही. भावंडांत सामाईक असेल तर आधी वाटणी हवी. जमिनीवर सोसायटीचा बोजा किंवा दुसऱ्याचा हक्क असेल, तर तोही राजीनाम्यानं पुसला जात नाही. आणि बदल्यात पैसा मिळत नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

बहुतेक घरांतून वाट निघते ती हक्कसोडपत्राची. भाऊबीजेला ओवाळणी पडते नि पाठोपाठ कागदही पुढं येतो! भावाला प्रेमानं द्यायचं तर जरूर द्यावं. पण महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली वडिलार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, हे ठाऊक असू द्यावं. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदवलं की मागे घेणं सोपं नसतं.

म्हणून सही करण्याआधी सात-बारा, आठ-अ आणि फेरफार काढून घ्या, वकिलाला दाखवा, चार दिवस विचार करा. जमीन ठेवा किंवा सोडा. पण जे कराल ते जाणून करा. संकोचानं केलेली सही पुढं आयुष्यभर सलते.