भानू अथैय्या : कपडेपटातली सहा दशके

११ एप्रिल १९८३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ब्रिटनचे जॉन मोलो आणि कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना मिळून ऑस्कर जाहीर झाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हा पुरस्कार म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचा कळस, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात तो जेमतेम मध्यावर आला. त्याआधी त्यांची सुमारे तीस वर्षे चित्रपटांच्या कपडेपटात गेली होती आणि तेवढीच पुढे जायची होती.

त्यांचा जन्म १९२९ चा. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार होते. ते लवकर वारले, पण रंगांचे वेड लेकीत उतरले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या भानू राजोपाध्ये यांची चित्रे १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात लागली होती. चित्रकलेवर पोट भरणे तेव्हा कठीणच. मासिकांसाठी त्या फॅशनची रेखाचित्रे काढू लागल्या. ती पाहून अभिनेत्रींनी कपडे मागितले आणि तिथून चित्रपटाचे दार उघडले. ‘सी.आय.डी.’ (१९५६), ‘प्यासा’ (१९५७), ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) या गुरुदत्त यांच्या संस्थेच्या चित्रपटांनी त्यांचा पाया पक्का केला.

कृष्णधवल चित्रपटात वेशभूषाकाराची खरी परीक्षा असते. एरवी डोळ्यांत भरणारे लाल आणि हिरवे रंग पडद्यावर बऱ्याचदा जवळपास सारखेच करडे दिसतात. तिथे रंगाच्या जोरावर पात्र उठून दिसत नाही. कापडाचा पोत, जरीची चमक, पदराचा झोक यांवरच सारी भिस्त. ‘साहिब बीबी और गुलाम’मधली जमीनदाराच्या हवेलीतली छोटी बहू आणि ‘प्यासा’तला रस्त्यावरचा कफल्लक कवी यांच्यातला फरक करड्या छटांमध्येच दाखवावा लागतो. चित्रकाराची तयार नजर इथे कामी आली.

रंगीत चित्रपट आले, तसे कामाचे स्वरूप बदलले. ‘आम्रपाली’साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. प्राचीन वैशालीतल्या नर्तकीला नऊवारी किंवा घागरा चालणार नव्हता. कमरेखाली नेसलेले तलम वस्त्र, उत्तरीय आणि दागिने यांतूनच तो काळ उभा राहायचा होता. दोनच वर्षांनी ‘ब्रह्मचारी’मध्ये (१९६८) मुमताजसाठी त्यांनी केलेली अंगासरशी बसणारी नारिंगी साडी इतकी गाजली, की आजही ‘मुमताज साडी’ म्हटले की तीच आठवते. त्या साडीत नाचताही आले पाहिजे, हा विचार तिच्या घडणीत होता.

‘गांधी’चे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्याकडे त्यांचे नाव अभिनेत्री सिमी गरेवाल यांनी सुचवले. ‘सिद्धार्थ’ (१९७२) या चित्रपटात दोघींनी एकत्र काम केले होते. ‘गांधी’चे कथानक १८९३ ते १९४८ असे पंचावन्न वर्षांचे. दक्षिण आफ्रिकेतला कोट-टाय घातलेला बॅरिस्टर, १९१५ मध्ये परतलेला काठियावाडी पागोट्यातला माणूस आणि १९२१ नंतरचा पंचाधारी महात्मा. गांधीजींच्या विचारातला बदल प्रेक्षकाला आधी कपड्यांत दिसतो. कपडा जितका कमी, तितका तो नेमका हवा. खादीचा जाडेभरडेपणा जरा चुकला, तरी सोंग उघडे पडते.

ऑस्करनंतरही काम थांबले नाही. गुलजार यांच्या ‘लेकिन’साठी आणि पुढे ‘लगान’साठी (२००१) त्यांना वेशभूषेचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ‘लगान’मध्ये १८९३ सालचे चंपानेर हे खेडे उभे करायचे होते. उन्हातान्हात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगावर कोरा करकरीत कपडा शोभत नाही. म्हणून अशा चित्रपटांत कपडे धुऊन, घासून, मळवून जुने करावे लागतात. इंग्रजांविरुद्धची क्रिकेटची लढत पडद्यावर बराच वेळ चालते, तेव्हा कपड्याचा मळ आणि सुरकुतीसुद्धा एका दृश्यातून दुसऱ्यात जुळावी लागते. याच चित्रपटात इंग्रज अधिकाऱ्यांचे गणवेश आणि मेमसाहेबांचे झगेही होते. एकाच मैदानावर दोन जगे समोरासमोर आली, ती आधी कपड्यांतून.

२०१० साली त्यांनी वेशभूषेच्या कलेवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. २०१२ साली आपल्यामागे ऑस्करची बाहुली नीट सांभाळली जावी म्हणून ती ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडे परत सुपूर्द केली. शंभरहून अधिक चित्रपटांनंतर ‘नागरिक’ (२०१५) या मराठी चित्रपटापाशी हा प्रवास संपला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

या साठ वर्षांत कृष्णधवल गेले, रंग आले, फिल्म जाऊन डिजिटल आले. नायिकांच्या तीन-चार पिढ्या बदलल्या. फॅशनवर विसंबणारा वेशभूषाकार फॅशनबरोबर मागे पडतो. अथैय्या मात्र प्रत्येक वेळी पात्राचा काळ, प्रदेश आणि ऐपत यांपासून सुरुवात करीत राहिल्या. म्हणून वैशालीची नर्तकी, साबरमतीचा महात्मा आणि चंपानेरचा शेतकरी एकाच हाताखालून गेले, तरी एकाचा कपडा दुसऱ्याच्या अंगावर चढवता येत नाही.