चावी फिरवली, पण गाडी ढिम्म! नवी बॅटरी घेण्याआधी एवढं तपासा

सकाळची घाई, चावी फिरवली आणि इंजिनऐवजी नुसती ‘टकटक’. अशा वेळी बहुतेक जण थेट नवी बॅटरी मागवतात. काही हजार रुपये जातात आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा बंद! कारण बॅटरी उतरणं आणि बॅटरी खराब होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी आवाज ऐका

भराभर टकटक होत असेल आणि दिवे मंदावत असतील, तर स्टार्टरला पुरेसा करंट मिळत नाही. दोष बॅटरीचा किंवा तिच्या टर्मिनलचा. एकदाच ‘टक’ झालं आणि हेडलाइट लख्ख राहिले, तर संशय स्टार्टर मोटरवर. इंजिन नेहमीच्या जोरात फिरतंय पण पेट घेत नाही? मग बॅटरीला दोष देऊ नका; इंधन, स्पार्क किंवा इमोबिलायझर पाहावा लागेल. डॅशबोर्ड उजळतो पण आवाजच नाही, तर ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का, बटण स्टार्टच्या मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण दाबलाय का, ते बघा. हसू नका, असे फोन मेकॅनिकला रोज येतात.

त्यानंतर बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून पाहा. सैल असेल किंवा त्यावर पांढरी-हिरवट पूड जमली असेल, तर करंट तिथेच अडतो. टर्मिनल सोडवून, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा आणि घट्ट बसवा. हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच. ती पूड त्वचेला आणि डोळ्यांना घातक.

मल्टिमीटर काय सांगतो?

साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२च्या आसपास किंवा खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी, खराब नव्हे! चार्जरवर पूर्ण भरा आणि मग तपासा. भरल्यानंतरही स्टार्ट मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी बदलायलाच हवी.

गाडी सुरू झाल्यावर पुन्हा मोजा. आकडा साधारण १३.८ ते १४.५ हवा. तो साडेबाराच्या आसपासच राहून हळूहळू उतरत असेल, तर अल्टरनेटर चार्जच करत नाही, आणि तुमची नवी बॅटरीही तो अशीच उपाशी ठेवेल.

चार्जिंग ठीक असेल, तर गाडी किती दिवस उभी होती ते आठवा. समजा, गणपतीला रेल्वेने गावी गेलात आणि गाडी २० दिवस पार्किंगमध्ये. अलार्म, डॅशकॅम वगैरे मिळून फक्त ५० मिलीअँपिअर ओढत असतील, तरी हिशेब २४ अँपिअर-अवरचा होतो. लहान पेट्रोल गाडीची बॅटरीच ३५ अँपिअर-अवरची असते.

बदलायचीच असेल तर

जुन्या बॅटरीचा आकार, अँपिअर-अवर आणि प्लस टर्मिनल कोणत्या बाजूला, हे जुळवून घ्या. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर साधी बॅटरी चालत नाही. ईएफबी किंवा एजीएम, कंपनीने जी दिली असेल तीच घ्या. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल, तर तो आधी शोधून ठेवा.

इग्निशन बंद करा, अंगठी-कडं काढा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी काळी, म्हणजे मायनसची वायर सोडवा. गाडीची बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला एक ठिणगी पुरते. नवी बसवताना उलट क्रम: आधी लाल, शेवटी काळी. खालचा क्लॅम्प नक्की आवळा, नाहीतर आपले खड्डे बॅटरीचं आयुष्य कमी करतात.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. आत शिसं आणि गंधकाम्ल असतं, आणि २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलनासाठी देणं ग्राहकाचंही काम आहे. नवी घेताना दुकानदाराला परत केलीत, तर सहसा तेवढे पैसे बिलातून वजाही होतात. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या.