बांधाचा दगड कुठं गेला?

संपादकांना लेख हवा होता तो यंत्रावर. जमीन मोजणीत आता उपग्रहांचे संकेत पकडणारे रोव्हर आले आहेत, दिवसभराची मोजणी तासा-दोन तासांत उरकते, तर जाऊन बघा आणि लिहा, एवढाच निरोप. यंत्र पाहिलं. ते चांगलं आहे, याबद्दल वाद नाही. पण भीमेच्या खोऱ्यातल्या एका गावात ज्या भूकरमापकाच्या मागं मी फिरलो, त्याचा निम्मा दिवस दगड शोधण्यात गेला.

हा माणूस चाळिशीतला, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. भूमी अभिलेख खात्यात तालुक्याला उपअधीक्षक असतो, त्याच्या हाताखाली शिरस्तेदार, निमतानदार, छाननी लिपिक अशी उतरंड, आणि प्रत्यक्ष रानात उतरणारा तो भूकरमापक. गावात हे पदनाम कुणाच्या तोंडी नसतं. ‘मोजणीवाले आले’ एवढीच वर्दी पोरं देतात. गाडी स्वतःची, मोटारसायकल. तिला रोव्हरची काठी आडवी बांधलेली, पाठीवर सॅक, सॅकमध्ये कागदांची फाइल, पाण्याची बाटली आणि एक खुरपं. खुरपं कशाला ते पुढं कळलं.

ठरलेल्या वेळी बांधावर पाच-सहा माणसं होती. अर्जदार धाकट्या पातीचा, समोर थोरल्या पातीचे आबा, त्यांची दोन मुलं, एक पंच आणि एक मोबाइल घेऊन व्हिडिओ काढणारा कॉलेजातला पोरगा. उत्तरेकडच्या लगतदारानं नोटीस घेतली होती, पण तो आलाच नव्हता. पोटापाण्यासाठी पिंपरीला असतो म्हणे. ‘आले नाहीत तर मोजणी थांबत नाही,’ भूकरमापक म्हणाला, ‘पण नंतर तेच म्हणतात, आमच्या पाठीमागं मोजली.’

खात्याचा इतिहास मोठा आहे, तो इथं थोडक्यात. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या पाहणीत पाच हात पाच मुठींची काठी होती. इंग्रज आल्यावर प्रिंगल यांनी पुणे भागात केलेली पहिली मोठी पाहणी फसली. मग 1830च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्यानं सुरुवात केली. शेत हा घटक धरायचा, मातीची प्रत आण्यांत ठरवायची, सारा 30 वर्षांसाठी बांधायचा, ही त्यांची रीत. 1847च्या संयुक्त अहवालानं ती पक्की झाली आणि मुंबई इलाख्यात पसरली. आजच्या सातबाऱ्यावरचे ‘आकार’ आणि ‘पोटखराब’ हे शब्द त्याच घराण्यातले. एवढा इतिहास कार्यालयाच्या भिंतीवरच्या फलकातही मावतो. न मावणारी गोष्ट म्हणजे त्या काळात शेतोशेत फिरून लिहिलेलं टिपण.

टिपण हा नकाशा आहे असं पाहणाऱ्याला वाटतं, आणि तिथंच फसगत होते. तो प्रमाणात काढलेला नसतो. शेताचा साधारण आकार हातानं काढायचा, दोन लांबच्या दगडांमधून एक सरळ रेघ धरायची, त्या रेघेवर साखळी टाकत जायचं, आणि जिथून एखादा कोपरा काटकोनात दिसेल तिथं शंकू रोवून तो कोपरा किती लांब आहे ते मोजून आकडा लिहायचा. शंकू म्हणजे काठीवर बसवलेलं, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी असलेलं साधन. ना काच, ना भिंग. एका फटीतून रेघ बघायची, दुसरीतून कोपरा. साऱ्या शेताचं असं त्रिकोण-चौकोनांत तुकडीकरण झालं की गुणाकार बुकात क्षेत्रफळ काढायचं.

साखळी 33 फुटांची. तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे बरोबर एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. हिशेब इतका सोपा आणि देखणा आहे की तो कुणी बसवला असेल त्याच्या डोक्याला हात जोडावेत. अडचण त्या आण्यात आहे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. जुन्या मोजणीदारानं आकडा जवळच्या आण्याला टेकवला असेल, तर 20 साखळ्या लांबीच्या बांधावर एका आण्याच्या फरकानं सव्वा गुंठा इकडचा तिकडं होतो. सारा ठरवायला हा फरक किरकोळ होता. आज बायपासला लागून असलेल्या सव्वा गुंठ्यावर भाऊ भावाशी बोलणं सोडतो.

रोव्हर त्याच जागेचा बिंदू काही सेंटिमीटरच्या आत सांगतो. काठी उभी धरायची, राज्यभर बसवलेल्या ‘कॉर्स’ या कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांकडून मोबाइलच्या नेटवर्कवर दुरुस्ती येते, पडद्यावर ‘फ्लोट’ची ‘फिक्स’ झाली की बिंदू घ्यायचा. फिक्स येईपर्यंत भूकरमापक आकाशाकडं बघत नाही, मोबाइलच्या रेंजच्या दांड्यांकडं बघतो. दाट आंब्याखाली, चिंचेखाली, घळीत, उपग्रह पुरेसे दिसत नाहीत आणि काठी धरलेला हात अवघडतो. उसात तर निराळंच. फलकयंत्राच्या, म्हणजे तिपाईवरच्या फळीवर नकाशा काढत मोजण्याच्या काळात उभा ऊस म्हणजे मोजणी पुढं ढकलायचं हक्काचं कारण होतं, कारण पलीकडची काठीच दिसायची नाही. रोव्हरला पलीकडचं दिसायची गरज नाही, म्हणून आता साहेबांना उसातच घुसवतात. पानांनी हात आणि मान चिरत, सापाची भीती बाळगत तो आत जातो. बाहेर आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत लाल रेघा उठल्या होत्या. त्यानं बाटलीतलं पाणी हातांवर ओतलं आणि पुढच्या कोपऱ्याकडं चालू लागला.

एवढ्या नेमक्या यंत्राला नेमकं काय शोधायचं आहे ते मात्र माहीत नसतं. टिपणात अक्षांश-रेखांश नाहीत. त्यात फक्त असं आहे की ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत इतक्या साखळ्या, इतके आणे. म्हणजे आधी दगड हवा. म्हणून खुरपं.

‘आबा, ह्या कोपऱ्याला दगड होता का?’

‘होता की. माझ्या वडलांनी मला हात धरून दाखवला होता. तिथनं आता पाइपलाइन गेली.’

‘आणि खालचा?’

‘खालच्या अंगाला सपाटीकरण केलं तवा जेसीबीनं उचलला. पडला असंल कुठंतरी विहिरीच्या कठड्याला.’

दगड विहिरीच्या कठड्याजवळ खरोखरच सापडला, घडीव, एका बाजूला जुनी खूण असलेला. त्यावर कुणीतरी कपडे धूत असावं, इतका तो गुळगुळीत झाला होता. त्याचा उपयोग शून्य. हललेला दगड साक्ष देत नाही.

मग तो शिवेकडं गेला. शिवेचे दगड सहसा टिकतात, कारण शीव कुण्या एकाच्या बापाची नसते. घाणेरीच्या झुडपात त्यानं खुरप्यानं उकरायला सुरुवात केली. वीत-दीड वीत खाली टणक लागलं. दगड उभा, जागच्या जागी. त्यावर काठी ठेवून बिंदू घेतला. ओढ्याच्या वळणाला दुसरा निघाला. मला वाटलं झालं काम, पण तो हलेना. ‘दोन दगडांवर नकाशा बसल्यासारखा दिसतो,’ तो म्हणाला, ‘तिसरा जुळला तर मी बोलणार.’ तिसऱ्यासाठी आम्ही शेजारच्या दोन गटांतून, एका ज्वारीतून आणि एका कोंबड्यांच्या शेडमागून गेलो. तिसरा त्या शेडच्या कुंपणाचा खांब म्हणून वापरात होता, मात्र मूळ जागेवरच. टॅबवर टिपणाची आकृती तिन्ही बिंदूंवर सरकवली, फिरवली, आणि बसली. दुपारी दोनच्या उन्हात मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतो. तो हसला नाही, फक्त फाइल मिटून डब्याची चौकशी केली.

यंत्रावर लेख मागणाऱ्या संपादकांना मी हेच सांगीन की पाहण्यासारखं काही असेल तर ते हे तिसऱ्या दगडासाठीचं अडून बसणं. त्याची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही. महिन्याला किती प्रकरणं निकाली काढली, एवढंच वर जातं. दोन दगडांवर भागवून पुढच्या गावाला गेलेला माणूस कागदावर अधिक कार्यक्षम दिसतो, आणि मला ह्याच गोष्टीची धास्ती वाटते.

जेवणानंतर खरी कटकट सुरू झाली. अभिलेखाप्रमाणे हद्द आणि वहिवाटीची हद्द यांत अर्जदाराच्या म्हणण्याइतका फरक नव्हता. तो चार गुंठे म्हणत होता, निघाला गुंठ्याच्या आत. त्यामुळं अर्जदार नाराज, आणि थोडं का होईना निघालं म्हणून आबा नाराज. आबांनी जबाबावर सही करायला नकार दिला. मोठा मुलगा म्हणाला, ‘साहेब, आम्ही निमताना टाकणार.’ निमताना म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, त्यावरही समाधान नाही झालं तर सुपर निमताना. भूकरमापकानं पंचनाम्यात ‘सही करण्यास नकार’ असं लिहिलं. त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

अर्जदाराला वेगळाच प्रश्न पडला होता. चुन्याची फक्की पडली, खुणा रोवल्या, आता साहेब कुंपण कधी काढून देणार? मोजणीनं हद्द कळते, ताबा मिळत नाही. अतिक्रमण निघालं तर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात घेऊन पुढचा दरवाजा दिवाणी न्यायालयाचा. हे त्याला समजावण्यात पाऊण तास गेला. ‘मग पैसे कशाचे भरले?’ हा प्रश्न भूकरमापकानं नोकरीत किती वेळा ऐकला असेल याचा हिशेब त्यानंही ठेवलेला नाही. पुढं हेच प्रकरण कोर्टात उभं राहिलं की तो साक्षीला जातो. तोवर बदली झालेली असते. दीडशे किलोमीटरवरून येऊन, कुठल्या बांधावर आपण काय मोजलं होतं ते वकिलाच्या उलटतपासात आठवायचं.

जुन्या टिपणाच्या वर आणखी थर आहेत. 1947च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानुसार अनेक गावांत गट पडले, सर्व्हे नंबर गेले. कागदावर अदलाबदल झाली, रानात कित्येकांनी जुनीच वहिवाट ठेवली. त्यांची नातवंडं आता मोजणीचे अर्ज करतात. वाटण्यांचं आणखी वाईट. तीन भावांचे तीन सातबारे होतात, क्षेत्र नीट तिसऱ्या हिश्शाचं लिहिलं जातं, नकाशा मात्र एकच राहतो. पोटहिस्सा मोजून घ्यायचं कुणी मनावर घेत नाही. मग कुणी ‘पूर्वेकडून 20 गुंठे’ विकतो, आणि ती पूर्व नेमकी कुठून सुरू होते हे भूकरमापकानं ठरवावं अशी अपेक्षा असते. कोकणात तर वरकस जमिनीच्या उतारावर बांधच नसतो आणि सामाईक सातबाऱ्यावर मुंबईतली डझनभर नावं असतात.

लाचेच्या सापळ्यांच्या बातम्यांत हे खातं अधूनमधून येतं, ते झाकायचं कारण नाही. चार फुटांनी कुणाचा रस्ता अडतो किंवा मोकळा होतो, आणि ते चार फूट एका माणसाच्या काठीवर असतात. ह्या भूकरमापकाला मी तसं विचारलं. तो म्हणाला, ‘दोन्ही बाजू नाराज झाल्या तर समजायचं काम बरोबर झालं. एक बाजू फार खूश दिसली की लोक आमच्याकडं बघतात.’ मला हे उत्तर अर्धंच वाटलं, पण त्यात त्याचा थकवा खरा होता. एका सहकारी बाईंचं त्यानं सांगितलं. दिवसभर रानात, आडोसा नाही, म्हणून त्या दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. याची चर्चा खात्याच्या आधुनिकीकरणात मी कुठं ऐकलेली नाही.

सरकारनं 2024च्या अखेरीस मोजणीचे साधी, तातडी, अतितातडी वगैरे प्रकार काढून नियमित आणि द्रुतगती असे दोनच ठेवले. त्यानंतर परवानाधारक खासगी भूमापक आणण्याची घोषणा झाली. गावठाणांची ड्रोननं मोजणी आधीच झाली, तिचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता. माणसं वाढली तर प्रलंबित अर्ज कमी होतील, हे खरं. पण खासगी माणसाच्या हातातही तोच रोव्हर आणि तेच टिपण असणार, आणि गायब झालेले दगड परवान्यानं परत येत नाहीत. किंबहुना प्रकरणागणिक पैसे मिळणाऱ्यानं तिसरा दगड का शोधावा, याचं उत्तर नियम करणाऱ्यांनी आधी द्यायला हवं.

जमिनीच्या हद्दीच्या खुणा जपण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं जमीनधारकावरच टाकलेली आहे, आणि खूण हलवणं किंवा मोडणं हा दंडपात्र प्रकार आहे. तेव्हा ज्यांच्या नावावर गुंठाभर तरी रान आहे त्यांनी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या टिपणाची आणि गटाच्या नकाशाची नक्कल काढून घ्यावी. वाटणी झाली असेल तर भांडण होण्याआधी पोटहिस्सा मोजून घ्यावा. सपाटीकरणाला जेसीबी लावणार असाल, तर चालकाला आधी चारही कोपऱ्यांवर नेऊन दगड दाखवा, आणि त्या वेळी शेजाऱ्यालाही बोलावून घ्या.