निवडीआधीची निवड

२६ जून २०१४ची रात्र. ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट चालू होता: संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडत होते. ४१व्या क्रमांकाची पाळी डेन्व्हर नगेट्सची होती. त्यांनी निवडलेलं नाव जाहीर झालं, तेव्हा ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर फास्ट फूडची जाहिरात सुरू होती. पडद्याच्या तळाशी पट्टीत ते नाव येऊन गेलं: निकोला योकिच. तो स्वतः सर्बियात झोपलेला होता. पुढे २०२१, २०२२ आणि २०२४मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२३मध्ये त्याने डेन्व्हरला एनबीएचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं.

त्याच्या आधी ४० नावं पुकारली गेली. ही क्रमवारी येते कुठून?

संघ ३०, फेऱ्या दोन, जागा साठच्या आसपास. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार क्रमांकानुसार ठरतो आणि पहिल्या दोन वर्षांची हमी असते. दुसऱ्या फेरीत अशी हमी नाही. ३० आणि ३१ यांच्यात एका आकड्याचं अंतर, पण विशीतल्या मुलासाठी ते केवढं तरी मोठं.

ड्राफ्टच्या कित्येक महिने आधीपासून पत्रकार अंदाजाच्या याद्या छापतात. त्यांना 'मॉक ड्राफ्ट' म्हणतात. जोनाथन गिव्होनी यांनी २००३मध्ये सुरू केलेलं ड्राफ्टएक्स्प्रेस त्यातलं मोठं नाव. २०१७मध्ये गिव्होनी ईएसपीएनमध्ये गेले. त्यांचे सहकारी माइक श्मिट्झ २०२२मध्ये पोर्टलँड ट्रेल ब्लेझर्सचे सहायक महाव्यवस्थापक झाले. त्याआधी २०१२मध्ये ईएसपीएनचे जॉन हॉलिंजर मेम्फिस ग्रिझलीजच्या व्यवस्थापनात गेले होते. लिहिणारे आणि निवडणारे असे एकाच वर्तुळात वावरतात. एजंट आपल्या खेळाडूचा भाव वाढेल अशा बातम्या पुरवतात, संघ आपले बेत झाकायला हुलकावण्या देतात, आणि सगळ्यांचं मिळून एक 'सर्वमान्य मत' तयार होतं.

माध्यमांचा खरा प्रभाव इथे आहे. चारचौघांबरोबर चुकलेल्या व्यवस्थापकाला माफी मिळते. एकटा चुकला तर खुर्ची जाते. २०१५मध्ये न्यूयॉर्क निक्सने चौथ्या क्रमांकावर क्रिस्टाप्स पोर्झिंगिसला घेतलं, तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. २०१८मध्ये तोच मुलगा ऑल-स्टार म्हणून निवडला गेला.

उलटही घडतं. २०१०-११च्या हंगामात जिमर फ्रेडेटने कॉलेज बास्केटबॉलमध्ये सामन्यामागे २८.९ गुण केले. त्याच्या लांबच्या फेकींनी टीव्हीचा पडदा व्यापला, 'जिमरमेनिया' हा शब्दच रूढ झाला. १०व्या क्रमांकावर निवड होऊन अदलाबदलीत तो सॅक्रामेंटो किंग्जकडे गेला. पुढे नावाजलेले दोघे त्याच्या मागे राहिले: ११वा क्ले थॉम्प्सन, १५वा कवाय लेनर्ड. फेब्रुवारी २०१४मध्ये किंग्जने फ्रेडेटला करारातून मोकळं केलं. त्याची फेक अस्सलच होती, गोंगाटावर सगळा दोष टाकता येणार नाही. पण लेनर्डसारख्याचा चिवट बचाव दहा सेकंदांच्या चित्रफितीत मावत नाही.

आता यात सट्टाही आला आहे. २०२३च्या ड्राफ्टच्या दिवशी पत्रकार शम्स चरानिया यांनी ट्विट केलं, की दुसऱ्या क्रमांकासाठी स्कूट हेंडरसनचं पारडं जड होतंय. सट्ट्याचे भाव फिरले. पण तो क्रमांक ज्यांचा होता, त्या शार्लटच्या संघाने घेतलं ब्रँडन मिलरला. चरानिया तेव्हा सट्टा कंपनी फॅनड्युएलच्या वाहिनीसाठीही काम करत होते. या बातमीची आपल्याला आगाऊ कल्पना नव्हती, असं कंपनीने स्पष्ट केलं. तरीही बातमी आणि बाजार यांच्यात अंतर हवं, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

एकदा लागलेला क्रमांक सहजी पुसला जात नाही. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की कामगिरी जमेस धरूनही वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंना मैदानावर जास्त वेळ मिळतो आणि ते लीगमध्ये जास्त काळ टिकतात.

निवड संघच करतात, पण कुणाकडे किती वेळ पाहायचं हे बरंचसं माध्यमं ठरवतात. म्हणून दर ड्राफ्टनंतर पाच वर्षांनी प्रत्येक वाहिनीने आपली जुनी यादी काढून तिचा हिशेब प्रेक्षकांपुढे मांडावा. ज्यांना आपण पाहिलंच नाही, त्यांची नावं त्या दिवशी तरी जाहिरात थांबवून घ्यावीत.