खोक्यातला आवाज

‘कॅबिनेट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? ओट्याखालचं कपाट, नाहीतर मंत्र्यांची बैठक! गिटारवाल्यांच्या भाषेत मात्र कॅबिनेट म्हणजे चक्क एक लाकडी खोकं. आत स्पीकर, पुढे जाळीचं कापड, वर उचलायला मूठ. विजेवरच्या गिटारच्या तारांचा स्वतःचा आवाज जेमतेम शेजारी बसलेल्याला ऐकू येतो. तो आधी अॅम्प्लिफायरमध्ये जातो, मोठा होतो आणि मग या खोक्यातून बाहेर पडतो.

आमच्या तालुक्याच्या गावात आम्हा सात जणींचा वाद्यवृंद आहे. दोघी शिक्षिका, एक बँकेत, एकीचं शिलाईचं दुकान, अशा सगळ्या घरसंसारातल्याच. माझ्याकडे गिटार. आजवर कार्यक्रमात माझी वायर थेट मिक्सरला जोडली जायची. (साऊंडवाल्याचा मिक्सर हं, चटणीचा नव्हे!) आवाजाला जरा धार दिली, की तो पत्र्यावर वाळू घासल्यासारखा यायचा. मग साऊंडवाला बटण खाली करायचा, “ताई, तुमची गिटार मागेच बरी वाटते.” परिणाम असा, की गिटार दिसायची, पण ऐकू यायची नाही. दिवाळीनंतरच्या बैठकीत विषय निघालाच, “गिटारऐवजी यापुढे कीबोर्डवरच भागवू या का?” बोलणारीचा हेतू वाईट नव्हता. तरी ते मनाला लागलं.

थेट जोडणीत आवाज कर्कश का होतो, याचं कारण साधं आहे. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. सभागृहातले मोठे स्पीकर यातलं बरंचसं जसंच्या तसं फेकतात. गिटारचा स्पीकर मात्र सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडतच नाही. चाळणीत कोंडा अडकावा, तशी वरची करकर अडते आणि गोडवा खाली उतरतो. म्हणून तर जगभरचे वादक हे खोकं सोबत वागवतात.

त्याच महिन्यात माझी भिशी लागली. सासूबाईंना वाटलं, कानातलं होणार. मी मागवला बारा इंची स्पीकर! “भिशीचे पैसे खोक्यात घातलेस होय?” त्या म्हणाल्या. तयार कॅबिनेट महाग पडत होतं, म्हणून लाकडाचं काम आमच्या ओळखीच्या सुतारकाकांकडे दिलं. त्यांनी १८ मिलिमीटरच्या प्लायची पेटी केली. सांधे डिंक नि स्क्रूने घट्ट केले.

“नुसता स्पीकर टांगला तर चालणार नाही का?” काकांनी विचारलं. नाही चालत. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण मागची विरळ होते. मधे भिंत नसेल, तर दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात आणि खर्ज नाहीसा होतो. पेटीची भिंत त्यांना वेगळं ठेवते. पाठ पूर्ण बंद केली तर खर्ज घट्ट येतो आणि आवाज समोर जातो. अर्धी उघडी ठेवली तर थोडा मागेही पसरतो. आमची ढोलकीवाली माझ्या मागेच बसते, म्हणून मी अर्धी उघडी ठेवायला सांगितली.

जोडणी करताना दोन आकडे बघायचे. माझा अॅम्प्लिफायर ५० वॅटचा, म्हणून स्पीकर ६० वॅटचा घेतला. अॅम्प्लिफायरच्या पाठीवर ‘किमान ८ ओहम’ लिहिलेलं, म्हणून स्पीकरही ८ ओहमचाच. आणखी एक, या दोघांमधली वायर जाड, स्पीकरचीच हवी. गिटारची बारीक वायर इथे लावायची नाही, ती तापू शकते.

घरी पहिल्यांदा खर्जाची तार छेडली, तेव्हा मांडणीवरची झाकणं थरथरली. पण खोक्यातूनही काहीतरी खडखडत होतं! हाताने एकेक बाजू दाबून पाहिली, तर मुठीचा स्क्रू सैल निघाला. तो आवळला आणि शांतता झाली.

खरी परीक्षा होती मंगल कार्यालयात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात. संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये सगळंच घुमत होतं. खोकं जमिनीवर ठेवलं तर आवाज माझ्या गुडघ्यांशी आणि पहिल्या रांगेच्या कानात! बारा इंची स्पीकरचे तीव्र स्वर टॉर्चच्या झोतासारखे नाकासमोर जातात. म्हणून एका भक्कम स्टुलावर ठेवून जरा मागे कलतं केलं. साऊंडवाल्या मुलाने माइक स्पीकरच्या ऐन मध्यावर लावला, तो टोचायला लागला. “दोन बोटं कडेला घे रे बाळा,” म्हटलं. त्याने घेतला आणि त्याच्याच चेहऱ्यावर हसू आलं.

हॉल भरला, तसा आवाज बदलला. माणसं आणि कपडे आवाज शोषून घेतात, त्यात सगळ्यांच्या काठापदराच्या साड्या! तीव्र स्वर थोडे वाढवावे लागले. दुसऱ्या गाण्यात आमच्या गायिकेने मागे वळून पाहिलं. तिला तिचंच गाणं ऐकू येत नव्हतं. मी गिटारवरचं बटण उतरवलं, ती पुढे गेली. कडवं संपल्यावर पुन्हा चढवलं. आजवर ही चढउतार दुसऱ्याच्या हातात होती. आता ती माझ्या करंगळीपाशी होती.

बाईच्या हातात विजेवरची गिटार, याचं आपल्याकडे अजून नवल वाटतं. सिस्टर रोझेटा थार्प १९१५ साली अमेरिकेत जन्मली. देवाची गाणी ती अशीच गिटार घेऊन गायची. १९६४ साली मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर, पावसात, तिने केलेला कार्यक्रम आजही लोक पाहतात. अमेरिकेच्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने तिला मानाची जागा दिली ती मात्र २०१८ मध्ये, ती जाऊन जवळपास ४५ वर्षं झाल्यावर!

खोक्याचे दोषही सांगते. स्टेज पोकळ फळ्यांचं होतं, त्यामुळे खर्ज जरा जास्तच घुमला. पुढच्या वेळी खाली रबराचे तुकडे घालणार आहे. आणि वजन! १९६०च्या दशकात इंग्लंडच्या ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडसाठी जिम मार्शल यांनी आठ स्पीकरांचं खोकं केलं होतं. ते उचलणाऱ्यांचे हाल झाले. शेवटी चार-चारची दोन करून एकमेकांवर रचली गेली. माझं तर एकाच स्पीकरचं, तरी दोघींनी धरावं लागतं.

कार्यक्रम संपल्यावर कीबोर्डवाली माझ्याजवळ आली. “आज मधे मधे मी हात थांबवला, तुला ऐकायला,” एवढंच म्हणाली. पुढच्या बैठकीत गिटारचा विषय कुणी काढला नाही. तिने मात्र असलंच खोकं मागितलं. मी नको म्हटलं. कीबोर्डला वरचे स्वरही लागतात, त्याचा स्पीकर वेगळा असतो.

पुढची भिशी कधी लागणार, हे हल्ली सासूबाई स्वतःच विचारतात. त्यांना म्हणे शेवटच्या रांगेतून सगळं ऐकू आलं!