सायकलीचा ब्रेक कोणता असावा?

सायकल विकत घेतांना आपण रंग पाहतों, बैठक पाहतों, किंमतीची घासाघीस करतों. ब्रेककडे मात्र संकट आल्यावरच आपलें लक्ष जातें. आमचेंहि असेंच झालें. गेल्या पावसाळ्यांत आमची पुतणी जुन्या, दांड्यांच्या ब्रेकच्या सायकलीवरून उतार उतरत होती. तिनें मागचा ब्रेक करकचून दाबला. पण सायकल थांबेना, आणि भिंतीवर आदळून बिचारी महिनाभर हात गळ्यांत बांधून बसली. नवी सायकल घ्यावयाची ती ब्रेकची पारख करूनच, असा निश्चय तेव्हां घरांत झाला.

प्रथम आम्हीं ग्रंथांचा मार्ग धरिला. जुन्या सायकलींत लोखंडी दांड्या रबराचे ठोकळे रिमच्या आंतील बाजूवर ओढून धरतात. ही रचना दणकट खरी. पण चकचकीत पोलादी रिम ओली झाली कीं रबर तिच्यावरून घसरतें. अर्नेस्ट बोडेन यांनीं १८९६ सालीं पेटंट घेतलेल्या केबलच्या युक्तीनें चालणारा ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनीं चिमट्यासारखा धरतो. रिम ॲल्युमिनियमची असल्यास पावसांतहि तो पुष्कळ बरा चालतो. डिस्कब्रेकची तबकडी चाकाच्या मध्याशीं असल्यानें रस्त्यावरील चिखलापासून दूर राहते. मात्र तिला तेल लागलें कीं पकड जाते.

इतकें ज्ञान झाल्यावर एकमत तर दूरच, घरांत वाद मात्र वाढला. शेवटीं आमच्या आळींतील सायकल दुरुस्त करणारे वृद्ध कारागीर म्हणाले, “साहेब, पोरीला मैदानावर पाठवा. ब्रेक वाचून कळत नाहीं, दाबून कळतो.”

त्यांनीं जमिनीवर रेघ आंखली आणि तिच्यापाशीं येतांच ब्रेक दाबावयास सांगितलें. केवळ मागचा दाबला, तेव्हां चाक फरफटत दूर गेलें. अंग किंचित् मागें घेऊन पुढचाहि हलके हलके आंवळला, तेव्हां जवळजवळ निम्म्या अंतरांत सायकल उभी राहिली. थांबतांना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पकड तेथेंच अधिक! ‘पुढचा ब्रेक दाबूं नकोस, तोंडघशीं पडशील,’ हा उपदेश तिला लहानपणीं आम्हींच केला होता. अपघाताचा अर्धा दोष ओल्या रिमचा, अर्धा आमचा, हें त्या दिवशीं उमगलें.

पुढें आणखी एक मौज झाली. सर्वांत महाग डिस्कब्रेकच्या सायकलीवर पुतणीचीं बोटें ब्रेकच्या मुठीपर्यंत नीट पोंचेनात. कारागिरानें एक बारीक स्क्रू फिरवून ती जवळ आणून दिली. ही अडचण कोणत्याहि जाहिरातींत आम्हांस आढळली नव्हती. रिमवर तांब्याभर पाणी ओतूनहि परीक्षा झाली. अखेर तिनें केबलचा ब्रेक व ॲल्युमिनियमची रिम पसंत केली. कारण तो तिच्या हातांत बसला, आणि बिघडल्यास आळींतच दुरुस्त होणार होता.

वाचकांस आमची एवढीच विनंती, कीं जो सायकल चालविणार त्यालाच मोकळ्या मैदानांत ब्रेक दाबून पाहूं द्यावा. पुस्तकांनीं आम्हांस काय विचारावें हें शिकविलें. उत्तर मात्र त्या मुलीच्या हातानेंच दिलें.